डिफरन्शिअलचा ब्रीदर उंच कसा न्यायचा: फरशी पूल ओलांडणाऱ्या नाशिककरांसाठी

माझ्या जुन्या फोर बाय फोर जीपच्या मागच्या डाव्या चाकाच्या आतून तेल गळायला लागलं. ड्रम उघडला तर ब्रेक शू तेलात न्हालेले. गॅरेजवाल्याने ऑइल सील बदललं. महिन्याभरात पुन्हा तेच. पुन्हा सील बदललं, पुन्हा पैसे गेले. तिसऱ्या वेळी सातपूरच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चाकाला हातही लावला नाही. गाडीखाली सरकले, एक्सलच्या नळीवरच्या बोटाच्या पेराएवढ्या टोपीवरून स्क्रू ड्रायव्हरने सुकलेल्या काळ्या मातीचा गोळा खरवडला आणि म्हणाले, "भाऊ, हिचं नाकच बुजलंय. आतली गरम हवा जाणार कुठं? सील फोडूनच जाणार ना!"

ती टोपी म्हणजे ब्रीदर, एक्सलच्या आतल्या हवेला ये-जा करायची वाट. त्याच पावसाळ्यात पेठकडून येताना दोन ओहोळ ओलांडले आणि उलटा प्रकारही पाहिला: हवा बाहेर पडण्याऐवजी पाणी आत आलं. त्यानंतर नळी लावून ब्रीदर वर न्यायचं काम मी स्वतः केलं, पहिल्यांदा चुकीचं आणि दुसऱ्यांदा बरोबर. त्या पहिल्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

आधी कारण समजून घ्या

डिफरन्शिअल म्हणजे एक्सलच्या मधल्या फुगीर भागातले, ताकद दोन्ही चाकांना वाटणारे गिअर. त्याच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, थोडं गिअर ऑइल असतं आणि बाकी हवा. गाडी पळाली की तेल तापतं, हवा फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. आता कसारा चढून आलेली, एक्सल तापलेली गाडी तशीच गार पाण्यात घाला. हवा झटक्यात आकसते. आतली हवा ८० अंशांवरून २५ अंशांवर आली तर ती जवळजवळ सहाव्या हिश्श्याने कमी होते, म्हणजे एका लिटरमागे दीडशे मिलीच्या आसपास. ही जागा भरायला काहीतरी आत येणारच. ब्रीदर पाण्याखाली असेल तर त्यातून पाणी येतं. ब्रीदरच्या टोपीत एकतर्फी झडप असेल किंवा तो बुजलेला असेल, तर सीलच्या ओठांमधून येतं. सीलचा मुख्य ओठ आतलं तेल आत ठेवायला बनवलेला असतो, बाहेरचं पाणी अडवायला नव्हे.

"एवढ्या खोल पाण्यात आपण कुठे जातो?" असं बरेच जण विचारतात. हिशेब करून बघा. नव्या थारला २५५/६५ आर १८ टायर येतो. त्याचा व्यास साधारण ७९ सेंटिमीटर, म्हणजे एक्सलचा मध्य जमिनीपासून ३९ सेंटिमीटरच्या आसपास, वजनाने टायर थोडा दबतो म्हणून त्याहूनही खाली. थारची पाण्यात जायची कंपनीने दिलेली मर्यादा ६५० मिलिमीटर आहे, फोर्स गुरखाची ७००. गाडी त्या मर्यादेला पोचायच्या कितीतरी आधी, गुडघाभर पाण्यातच डिफरन्शिअल बुडालेलं असतं. हरसूल, पेठ, सुरगाणा, इगतपुरी भागातल्या फरशी पुलांवर पावसाळ्यात गुडघाभर पाणी ही काही नवलाची गोष्ट नाही.

आणि निफाड, येवला, सिन्नरच्या बाजूला राहणाऱ्यांनो, तुम्ही नदीत उतरत नसलात तरी सुटका नाही. काळ्या मातीचा चिखल सुकला की सिमेंटसारखा होतो आणि ब्रीदर बुजवतो. माझ्या जीपचं तेच झालं होतं.

१. ब्रीदर शोधा, आणि आधीच नळी आहे का बघा

गाडी सपाट जागी लावा, टॉर्च घेऊन खाली जा. मागच्या एक्सलच्या नळीवर, बहुधा मधल्या फुगीर भागाच्या एका बाजूला, छोटी टोपी दिसेल. पुढचा डिफरन्शिअल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारा डबा) या तिघांनाही आपापले ब्रीदर असतात. एकूण चार. लोक मागचा करतात आणि बाकीचे विसरतात.

बऱ्याच गाड्यांना कंपनीकडूनच छोटी नळी येते. ती दिसली म्हणून खूश होऊ नका. हाताने चाचपत तिचं टोक कुठे संपतं ते शोधा. पुष्कळदा ती चेसीसच्या वरच्या काठापर्यंत जाऊन थांबते. जमिनीपासून ती उंची टेपने मोजून लिहून ठेवा. तुम्ही ज्या पाण्यात जाता त्यापेक्षा ती बरीच वर असेल तर काम करायची गरजच नाही, नळी फक्त साफ ठेवा. नसेल तर त्याच नळीला पुढे जोड देता येतो.

२. आटे मोजा, अंदाज करू नका

माझी पहिली चूक इथली. दुकानदाराने दिलेलं फिटिंग दोन आटे छान गेलं, मग घट्ट झालं, मी पाना लावून दाबलं. आटे कापले गेले. नशीब, फिटिंग पितळेचं होतं म्हणून हाउसिंगचे वाचले.

भानगड अशी की इथे दिसायला सारखे पण वेगळे असलेले आटे भेटतात. बीएसपी आणि एनपीटी ही पाइपाच्या आट्यांची दोन वेगळी मापं. एक अष्टमांश बीएसपीचा बाहेरचा व्यास ९.७ मिलिमीटर आणि इंचाला २८ आटे. एक अष्टमांश एनपीटीचा १०.३ मिलिमीटरच्या आसपास आणि इंचाला २७. काही गाड्यांना मेट्रिक असतात, उदाहरणार्थ एम १० बाय १. काहींमध्ये आटेच नसतात, टोपी नुसती ठोकून बसवलेली असते. म्हणून जुना ब्रीदर काढा, खिशात टाका आणि दुकानात तोच दाखवा. व्हर्नियर आणि थ्रेड गेज ज्याच्याकडे आहे अशाच दुकानात जा. नवं फिटिंग आधी हाताने फिरवून बघा. तीन-चार आटे बोटांनी जायलाच हवेत.

ब्रीदर काढल्यावर ते भोक उघडं ठेवून गाडी घेऊन बाजारात जाऊ नका. स्वच्छ फडक्याचा बोळा दोऱ्याला बांधून लावा, म्हणजे तो आत पडणार नाही.

३. सामान

नाशिकमध्ये हे सामान मिळणं सोपं आहे. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांमुळे न्यूमॅटिकचं, म्हणजे दाबाच्या हवेवर चालणाऱ्या यंत्रांचं, सामान ठेवणारी दुकानं आपल्याकडे आहेत. गाड्यांच्या ॲक्सेसरीच्या दुकानात 'ब्रीदर किट' म्हणून जे मिळतं, त्यातल्या बहुतेक वस्तू इथे सुट्या मिळतात.

- नळी: तेल सोसणारी रबरी फ्युएल होज, आतला व्यास ६ ते ८ मिलिमीटर. छोट्या गाडीला दोन्ही डिफरन्शिअलसाठी मिळून ६ ते ७ मीटर पुरते, पण आधी सुतळीने मार्ग मोजा.
- आटे जुळणारी पितळेची फिटिंग, नळी बसायला खाचा असलेली. जागा कमी असेल तर बँजो बोल्ट (आतून पोकळ, नळी आडवी काढणारा) आणि तांब्याचे वायसर.
- नळीचे क्लिप, रबर चढवलेले पी क्लिप, काळे नायलॉन टाय.
- वरच्या टोकाला छोटा फिल्टर. पितळेचा न्यूमॅटिक सायलेन्सर किंवा मोटरसायकलचा पेट्रोल फिल्टर, दोन्ही चालतात.
- थ्रेड सीलंट, ब्रेक क्लीनर, तारेचा ब्रश, फडकी.
- पाने, गोटीपाने, जॅक आणि दोन दणकट घोड्या (गाडीखाली लावायचे स्टँड).

न्यूमॅटिकची निळी पीयू नळी स्वस्त आणि हाताळायला सोपी असते, म्हणून सगळे तीच सुचवतात. ती वरच्या भागात चालेल, पण एक्सलजवळ आणि सायलेन्सरच्या आसपास ती मऊ पडते, मुडपते. माझ्या मते पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

आणि द्राक्षबाग असलेल्या मित्रांना हात जोडून विनंती: ठिबकची मायक्रोट्यूब लावू नका. घरात गुंडाळीच पडलेली असते, मोह होतो, मलाही झाला होता. शेतातल्या गार पाण्यासाठी बनवलेली ती नळी गाडीखालच्या उष्णतेत आठवडाभरात शेवयांसारखी लोळते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. गाडी वॉरंटीत असेल तर काम करण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. वॉरंटी पुस्तिका, आरसी, विमा आणि पीयूसी यांच्या प्रती गाडीत असू द्या. विम्यात इंजिन संरक्षणाचं जादा कवच आहे का तेही बघा. ते नसेल तर पाणी शिरून इंजिन गेल्यावर साध्या पॉलिसीतून सहसा पैसे मिळत नाहीत. जुन्या ब्रीदरच्या टोप्या एका पिशवीत घालून डॅशबोर्डात ठेवा. गाडी विकताना किंवा सर्व्हिसिंगला देताना परत लावता येतात.

४. धुवा, मग उघडा

काम गाडी थंड असताना करा. ब्रीदरच्या आजूबाजूची माती आधी ब्रशने आणि मग ब्रेक क्लीनरने पूर्ण काढा. इथे आळस केलात तर टोपी फिरवताच खडा आत पडेल, आणि आत क्राऊन-पिनियन (डिफरन्शिअलचे मुख्य गिअर) फिरतंय. तारेचा ब्रश टोपी जागेवर असतानाच वापरायचा. टोपी काढल्यावर त्या भोकाजवळ फक्त फडकं.

टोपी निघाली की खालच्या भोकात बारीक तार घालून ते मोकळं आहे का बघा. मग फिटिंगच्या आट्यांना सीलंट लावा, पण टोकाचे पहिले एक-दोन आटे कोरडे सोडा. टेफ्लॉन टेपपेक्षा मला सीलंट बरं वाटतं, कारण टेपचा तुकडा सुटला तर तो नेमका त्या बारीक भोकातच अडकतो. घट्ट करताना जोर दाखवू नका. इथे दाब जवळजवळ नसतोच.

५. नळीचा मार्ग: खरं काम इथे आहे

फिटिंग बसवायला अर्धा तास लागतो. नळी नीट न्यायला माझा अख्खा रविवार गेला, आणि तो गेलाच पाहिजे.

पहिला नियम: नळी डिफरन्शिअलपासून वरच्या टोकापर्यंत चढतीच हवी. मध्ये कुठेही झोळ नको. पहिल्या वेळी मी चेसीसच्या खालच्या कडेने नळी नेली होती, तिथे दोन टायांच्या मध्ये तिचा छान पाळणा झाला. त्या पाळण्यात तेलाचा ओलावा आणि वाफेचं पाणी साठून बुच बसल्यासारखं झालं. ब्रीदर वर असूनही आतल्या हवेला वाट नाही. म्हणजे मिस्त्रींनी खरवडलेल्या मातीच्या गोळ्याचंच काम मी पाण्याने केलं. लांबच्या लांब अगदी आडवा भाग टाळता येत नसेल तर निदान थोडा चढ द्या.

दुसरा नियम: एक्सल हलतो, चेसीस हलत नाही. जिप्सी आणि जिम्नीमध्ये पुढचा-मागचा दोन्ही एक्सल सलग आहेत (डावं-उजवं चाक एकाच दांड्यावर), म्हणून दोन्हीकडे ढील हवी. नव्या थारमध्ये मागचा एक्सल सलग आहे, पण पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र असल्यामुळे पुढचा डिफरन्शिअल चेसीसच्या बाजूला पक्का आहे, तिथे फारशी ढील लागत नाही. ढील किती, हे डोळ्याने ठरवू नका. चेसीसखाली घोड्या लावा, चाकं पूर्ण लोंबू द्या आणि मग नळी धरून बघा. अजून चार बोटं शिल्लक असली पाहिजे. पुढे सलग एक्सल असेल तर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवूनही बघा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, दोन मिनिटांसाठीसुद्धा.

एक्सल आणि चेसीसमधली ही ढील सोडायची कशी? एक्सलवरून नळी सरळ वर उभी चढवा, चेसीसला लागल्यावर पहिला पी क्लिप मारा आणि मधल्या भागात खाली लोंबणारा नव्हे तर बाजूला झुकलेला बाक ठेवा.

तिसरं, सायलेन्सरपासून निदान वीतभर अंतर. ब्रेकच्या लोखंडी नळीला टाय बांधायचा मोह टाळा. ती घासली तर ब्रीदरपेक्षा फार मोठी पंचाईत होईल. प्रोपेलर शाफ्टच्या (डिफरन्शिअलपर्यंत ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) जवळून काहीही नको. टाय आवळताना नळी चिमटली जात नाही ना, बोटाने दाबून बघा.

चारही ब्रीदर एका नळीत जोडावेत का? काही जण वर मॅनिफोल्ड (अनेक नळ्या एकत्र आणणारा जोड) लावून जोडतात आणि ते चालतं. पण नवख्यांनी डिफरन्शिअलच्या दोन नळ्या वेगळ्याच न्याव्यात. एकात पाणी शिरलं किंवा तेल वर आलं तर कोणत्यातून आलं ते लगेच कळतं. टायाला रंगीत टेपची खूण करा, पुढच्याला लाल, मागच्याला पिवळी.

६. वरचं टोक कुठे

पुढची नळी बॉनेटखाली, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) वरच्या काठाला. हवा आत घेणाऱ्या एअर बॉक्सच्या तोंडापेक्षा वर असली म्हणजे झालं. स्नॉर्कल (इंजिनची हवा उंचावरून घेणारी नळी) नसलेल्या गाडीत त्याहून वर नेऊन उपयोग नाही, कारण तिथे पाणी पोचलं तर इंजिन आधी मरेल.

मागच्यासाठी दोन मार्ग आहेत: चेसीसवरून पुढे इंजिनपर्यंत, किंवा थेट वर मागच्या लाइटच्या मागच्या पोकळीत. आपल्या फरशी पुलांसाठी मागच्या लाइटची उंची पुरेशी आहे, नळी छोटी राहते, झोळ पडायची भीती कमी. मी हाच मार्ग ठेवलाय.

टोक खाली वळवून फिल्टर लावा, म्हणजे धूळ आणि पावसाचं पाणी आत जाणार नाही. जुनी एकतर्फी झडपेची टोपी वर लावू नका. ती हवा बाहेर सोडते पण आत घेत नाही, आणि आपल्याला हवा दोन्हीकडे यायला-जायला हवी आहे. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर उंदरांवरही लक्ष ठेवा. रबरी नळी त्यांना भारी आवडते.

७. तपासणी

वरचं टोक तोंडात धरून हळू फुंका. फिल्टर काढलेला असावा. जरासा अडथळा लागून हवा आत गेली पाहिजे. दुसऱ्याला डिफरन्शिअलचा तेल भरायचा बोल्ट सैल करायला सांगा. फुंकल्यावर तिथून हवा आल्याचं जाणवतं. जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

कॉम्प्रेसर लावू नका. एका गॅरेजात माझ्यासमोर एकाने हवेची गन थेट नळीला लावली आणि पिनियनच्या सीलमधून तेलाची पिचकारी उडाली. फुंकर पुरते.

८. पाण्यात उतरताना

नळी लावली म्हणजे गाडी होडी झाली नाही. पाण्याच्या काठाला दहा मिनिटं थांबा, एक्सल जरा निवू द्या. काठी घेऊन चालत जाऊन खोली बघा, आणि चालत जाता येत नसेल तर गाडीही नेऊ नका. फरशीवरून वाहतं पाणी गढूळ असेल तर खालचा स्लॅब जागेवर आहे की वाहून गेलाय ते दिसत नाही.

धरणाखालच्या नद्यांचं वेगळंच असतं. वर पाऊस थांबलेला, आकाश निळं, आणि गंगापूर किंवा दारणा धरणातून विसर्ग वाढवलेला. बातम्यांत क्युसेकचा आकडा वाढताना दिसला की त्या दिवशी गोदावरी-दारणेच्या काठावरचे फरशी पूल विसरा. दुतोंड्या मारुती किती बुडालाय हे बघायला आपण सगळे जातोच, त्याच दिवशी खालच्या गावांत काय चाललं असेल त्याचाही अंदाज घ्या.

पाण्यातून बाहेर आल्यावर दोन-चारदा हळू ब्रेक दाबून वाळवा.

९. घरी आल्यावर

एक्सल बुडेल एवढ्या पाण्यातून आलात तर गाडी रात्रभर उभी ठेवा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसतं. सकाळी आधी तेल भरायचा बोल्ट उघडा. हा क्रम पाळा, कारण भरायचा बोल्ट गंजून अडकलेला असेल आणि तुम्ही तळाचा आधीच काढलात, तर तेल गेलं आणि भरायला जागा नाही अशी गत होते. मग तळाचा बोल्ट अगदी सैल करून पहिले काही थेंब स्टीलच्या वाटीत घ्या. पाणी असेल तर तेच आधी येतं.

तेल चॉकलेटी किंवा काळपट, पण नितळ असेल तर बोल्ट घट्ट करा. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर पाणी तेलात घुसळलं गेलंय. सगळं काढा, पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं नवं भरा, थोडी गाडी चालवून पुन्हा एकदा काढा. एकदा बदलून आतला सगळा ओलावा जात नाही. मी एकदाच बदललं होतं. चार महिन्यांनी साठच्या वेगाला मागून घोंघों सुरू झालं आणि पिनियनचे बेअरिंग गंजलेले निघाले.

वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा मारणाऱ्या पोराला सांगून ठेवा की मागच्या लाइटच्या पोकळीत पाणी मारू नकोस. दर मे महिन्यात फिल्टर काढून झटका, नळी फुंका, आणि डोंगरातून येताना काटेरी झुडपात अडकून कुठे सुटली नाही ना ते खाली वाकून बघा.